चिखलाचे गिअर

गणपती उठून गेले तरी यंदा आभाळ हटत नाही. काल आमच्या कॉलनीत पाण्याच्या पाइपसाठी खणून ठेवलेल्या रस्त्यात विटांचा एक टेम्पो रुतला. ड्रायव्हर गाडी पुढंमागं करत होता आणि मी वरच्या खिडकीत बसून ऐकत होतो. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की इंजिनाच्या आवाजातला भार एकाएकी निघून जातो. आवाज मोकळा होतो, वर चढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गाडी सुटली. ती सुटलेली नसते, आणखी खाली जात असते.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. मला सायकलीपलीकडं काही चालवता येत नाही. तरी हा आवाज मी ओळखतो. एका वर्षी नागपंचमीपासून दसऱ्यापर्यंत माझ्या डोक्यात गाडीच्या आसातले गिअर सोडून दुसरं काही नव्हतं. त्या दिवसांचा वास असा दर भाद्रपदात परत येतो: ओली काळी माती, डिझेल, आणि दवाखान्याच्या लांब व्हरांड्यातलं फिनेल. या तीन वासांचा एकमेकांशी संबंध काय, हे आता माझ्याखेरीज आणि सुमनखेरीज कुणाला सांगता येणार नाही.

सुमन म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, अंकुशची बायको. अंकुश कन्नडच्या पलीकडं आमच्या शेतातल्या वस्तीवर राहायचा. मी शिकलो आणि शहरात आलो, तो शिकला नाही असं नाही, पण परत गेला. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा तो पन्नाशीलाही पोचला नव्हता. आठवड्यातून दोनदा त्याला तेव्हाच्या औरंगाबादला येऊन रक्त धुवून घ्यावं लागे. उन्हाळाभर ते जमलं. त्याच्याकडं एक जुनी जीप होती. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत गाडीवाट होती, पुढं वेरुळच्या घाटातून शहर. सकाळी यायचा, दुपारभर मशीनला बांधलेला असायचा, संध्याकाळी परत.

मी म्हणत होतो, माझ्याकडं येऊन राहा. पूर्वेची खोली रिकामी केली, खिडकीला जाळी बसवली, एक लोखंडी पलंग आणला. तो आला, पलंगावर बसला, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या बघितल्या आणि म्हणाला, "चांगलं हाय. पर हितून काय दिसतं, भाऊ?"

"दवाखाना पाच मिनिटांवर आहे."

"त्यो दिसतो, व्हय." मग जरा वेळानं म्हणाला, "असं करू. पावसाळ्यात जीप वस्तीतून निघाली, तर मी तिथंच राहतो. नाय निघाली, तर तुझ्या ह्या पलंगावर येऊन पडतो. मग तर झालं?"

मी हो म्हणालो. पावसाळ्यात त्या वाटेनं जीप निघत नसे हे मला माहीत होतं. काळी माती भिजली की चाकाला धरते. एका फेऱ्यात चाकाची नक्षी बुजते, आणि मग ते चाक म्हणजे चिखलाचाच गोळा. त्यातून ट्रॅक्टरनं वाटेत इतक्या खोल चाकोऱ्या पाडलेल्या असत, की जीपची चारही चाकं चाकोरीत उतरत आणि आसाच्या मधला लोखंडी गोळा मधल्या उंचवट्यावर टेकून बसे. गाडी पोटावर पडल्यासारखी. चाकं हवेत फिरल्यासारखी फिरत राहत.

म्हणून अंकुशनं मोठे टायर आणले. लष्करी भंगारातले, खोल खाचांचे. जीप चार बोटं उंच झाली. सुमन जीपजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "आता शिडी बी घेऊन या. चढू कशी?" जीप तीच चालवत होती. आधी ट्रॅक्टर चालवायची, अंकुश आजारी पडल्यावर जीपही तिच्याकडं आली.

टायर बदलल्यावर गोळा टेकेना, पण जीप ओढेनाशी झाली. नाल्याच्या चढाला इंजिन गुदमरायचं आणि बंद पडायचं. अंकुशला मोठं नवल वाटलं. चाकं मोठी केली, तर गाडी दुबळी कशी झाली?

त्याचं उत्तर हमीदभाईंकडं होतं, आणि माझ्या ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकातही होतं. दोघांचं उत्तर एकच होतं, फक्त पुस्तक विनोद करत नव्हतं. हमीदभाईंचं गॅरेज रोशन गेटच्या बाजूला होतं. मशीनवरून सुटका झाली की अंकुश सरळ तिकडं जायचा. अशक्त असायचा, चेहरा राखेसारखा. हमीदभाईंनी भिंतीला एका जुन्या मोटारीची सीट टेकवून ठेवली होती, ती त्याची. तिथं बसून तो शर्टाची बाही वर करायचा. मशीनसाठी जोडलेली त्याच्या हातातली नस कायम थरथरायची. बोट ठेवलं की आत काहीतरी घरघरतंय असं लागायचं. तो हमीदभाईंना म्हणायचा, "हात लावा की. हितं बी इंजिन हाय."

चहा आला की तो नको म्हणायचा. दिवसाला किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. "वास घेऊ द्या नुसता," म्हणून कप नाकाशी धरून बसायचा, आणि निवला की मला द्यायचा. मी तो निवलेला चहा प्यायचो. आजही गरम चहा मला नीट जात नाही.

हमीदभाईंनी दोन्ही हातांनी समजावून सांगितलं. इंजिनाकडून येणारा दांडा आसाच्या गोळ्यात एका लहान दातेरी चक्राला फिरवतो, ते लहान चक्र मोठ्या चक्राला, आणि मोठं चक्र चाकाला. जुन्या गिअरमध्ये दांडा सव्वाचार वेळा फिरला की चाक एकदा फिरायचं. आता चाकच मोठं, एका फेऱ्यात जास्त जमीन कापणार, म्हणजे इंजिनाला तेवढा जास्त जोर. उपाय एकच, गोळ्यातले गिअर बदलायचे. चाकाच्या एका फेऱ्यासाठी दांड्याला जास्त वेळा फिरायला लावायचं. जोर वाढतो, वेग जातो.

दोन सेट मिळण्यासारखे होते: एकात चाकाच्या एका फेऱ्याला दांडा जवळजवळ पाच वेळा फिरणार, दुसऱ्यात साडेपाचच्या आसपास. हमीदभाईंनी एक बोट वर केलं. "ये चार-अठ्ठ्याऐंशी. टायर ने जितना छीना, उतना वापस देता, थोडा उप्पर से. हिसाब बराबर." मग दुसरं बोट. "और ये पाँच-अडतीस. इसको दीवार दिखाओ तो दीवार पे चढता. मगर रोड पे रोएगी गाडी. पचास के उप्पर गये तो भाभी, कान में रुई डालना."

"मला तसं बी ह्यांचं काही ऐकू येत नाही," सुमन म्हणाली.

"हौ, तो फिर चलेगा," हमीदभाई म्हणाले.

मी म्हणालो, "पहिलाच घ्यावा. आठवड्यातून दोनदा एवढं अंतर यायचंय. दोन तासांचा रस्ता तीन तासांचा झाला तर त्याला सोसेल का?"

"भाऊ, रोडावर गाडी फसत नाय," अंकुश म्हणाला. "फसती ती वस्तीजवळ."

"पण शंभरातली नव्वद वाट तर डांबरीच आहे."

हमीदभाईंनी आम्हां दोघांना थांबवलं. "बाप्पा, एक बात बोलो. ये गाडी ज्यादा चलनेवाली कहाँ? जो बोलोगे उसके वास्ते बनेगी. दोनों के वास्ते नहीं बनती."

अंकुशनं निवलेला कप माझ्या हातात दिला. "चिखलात," तो म्हणाला.

तेव्हा मला ते एका शेतकऱ्याचं साधं उत्तर वाटलं. गाडी अडते कुठं, तर चिखलात. म्हणून गिअर चिखलाचे. आज लिहिताना त्या एका शब्दाशी मी बराच वेळ थांबलो आहे. बळ घ्यायचं की वेग, एवढाच तो प्रश्न होता, आणि दोन्ही मिळत नाही हे पुस्तकातल्या तक्त्यांतही स्पष्ट होतं. जो रस्ता दवाखान्याकडं जात होता, त्या रस्त्यासाठी त्यानं काही मागितलं नाही.

मागच्या आसाचा सेट लगेच मिळाला. पुढच्या आसाचा मिळेना. अंकुश घाईला आला. "मागचा तर बसवा. फुडचा मिळंल तव्हा मिळंल."

हमीदभाई उखडले. "नक्को. आगे का पय्या एक बोलेगा, पीछे का दूसरा. मियाँ एक तरफ खींचेंगे, बीवी दूसरी तरफ. और टूटेगा कौन? बीच का डब्बा."

"आमच्या घरात तेच चालू हाय," सुमन म्हणाली. "बीचमध्ये हे भाऊजी."

सगळे हसले. मीही हसलो. पुढची आणि मागची चाकं एकाच वेळी जोर लावणार असतील तर दोन्ही आसांतले गिअर सारखेच हवेत, नाहीतर गाडी स्वतःशीच भांडत तुटते. तेव्हा थांबणं आलं. ते थांबण्याचे दिवस मला सगळ्यांत जास्त आठवतात, कारण त्यांत काही घडलं नाही. ऊन पडायचं, उन्हातच सर यायची. कपाशीला फुलं लागली होती, सकाळी पिवळी, दुसऱ्या दिवशी गुलाबी. अंकुश ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून, डोक्यावर खताचं पोतं घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत यायचा आणि तिथून मिळेल त्या गाडीनं शहरात. प्रत्येक धक्क्याला पत्रा हातानं घट्ट धरायचा तो, आणि त्याच हातात ती नस होती. पाय सुजायचे. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा, आणि तो खड्डा भरून यायला वेळ लागायचा. आम्ही दोघं कधी कधी तो भरताना बघत बसायचो.

मी पूर्वेच्या खोलीतली चादर बदलत होतो. कुणी झोपलेलं नसताना.

अखेर मालेगावच्या भंगारात पुढचा सेट सापडला. जोडणीच्या दिवशी हमीदभाईंनी अंकुशला जवळ बोलावलं. नवे गिअर बसवताना दात दाताला नेमका कुठं लागतो हे बघावं लागतं. त्यासाठी दातांना रंग लावून चक्र हातानं फिरवायचं. जिथं दात भिडतो तिथला रंग पुसला जातो. पुसलेली खूण दाताच्या मधोमध आली तर गिअर टिकतो, कडेला आली तर ओरडतो आणि दात झडतात. त्यांच्याकडचा रंग संपला होता. पोराला बाजारात पाठवू म्हणाले. सुमन जीपमध्ये गेली आणि सीटखालून एक पुडी घेऊन आली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला आणलेला हिंगूळ. त्या वर्षी शिंगं तिनंच रंगवली होती, अंकुश ओट्यावर बसून सांगत होता, इकडून घे, तिकडून घे. निम्मी पुडी उरली होती.

हमीदभाईंनी हिंगूळ वास घेऊन बघितला, तेलात कालवला आणि दातांवर लावला. "लो, अब तुम्हारी गाडी के भी सींग रंग गये."

अंकुश सीटवरून उठला आणि गोळ्यावर वाकला. चक्र हळूहळू फिरलं. लाल दात एकामागून एक वर येत होते, प्रत्येकाच्या मधोमध तीळभर लोखंड उघडं. एकदा, दोनदा चक्राखालच्या पातळ चकत्या काढून-घालून ती खूण मध्यावर आणली. तिसऱ्यांदा हमीदभाईंनी मान डोलावली. अंकुशनं एका दातावर बोट फिरवलं आणि लाल बोट स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला पुसलं. सुमन ओरडली, "कालच धुतला व्हता!" इतकं साधं वाक्य. त्या सबंध काळात घरासारखं घर मला त्या एका क्षणात दिसलं.

जीप वस्तीवर नेली तेव्हा वाटेत गुडघाभर चिखल होता. मी मुद्दाम गेलो होतो. सुमन चालवायला, अंकुश शेजारी, मी मागं. नाल्यापाशी तिनं पुढच्या चाकांचा जोर जोडला, लहान दांडी ओढली आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली. मी डोळे मिटले होते. तो चाक सुटल्याचा मोकळा आवाज येईल म्हणून वाट बघत होतो. तो आला नाही. इंजिन एकाच सुरात, जड, न घाबरता बोलत राहिलं. गाडी माणसाच्या चालीहून सावकाश खाली उतरली, पाण्यातून गेली आणि समोरच्या चढाला तशीच लागली. चिखल टायरच्या खाचांतून सुटून मागं पडत होता. वर आल्यावर सुमननं गाडी थांबवली नाही, शेताच्या बांधाबांधानं एक पूर्ण फेरा मारला. अंकुशनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. जिंकलेला माणूस पैज हरलेल्याकडं बघतो, तसं बघत होता. आणि हरल्याचं मलाही त्या घटकेला वाईट वाटलं नाही.

रस्त्यावर मात्र हमीदभाई म्हणाले तसंच झालं. डांबरीला लागलं की जीप ओरडायला लागायची. काळ्यापिवळ्या जीपा, माणसं टपावर बसलेली, हॉर्न देत पुढं जायच्या. घाटात भरलेले ट्रॅक्टरसुद्धा मागून येऊन भिडायचे. सुमनचे हात स्टिअरिंगच्या थरथरीनं रात्री भाकरी थापताना कापायचे असं ती म्हणायची. अंकुशला त्या आवाजात डोळा लागायचा नाही. मशीनवरून परत जाताना माणसाला फक्त झोप हवी असते. मी म्हणालो, एक दिवस तरी इथं थांब, उद्या जा. तो थांबायचा नाही.

मग एक फेरी चुकली. "पाहुणे आले व्हते." पुढच्या आठवड्यात पुन्हा एक. "अंगात कणकण व्हती." डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी एसटीनं कन्नडला आणि तिथून वस्तीवर गेलो.

सकाळ होती. पाऊस उघडला होता. सुमननं जीप दारात आणून उभी केली होती, इंजिन चालू. पिशवीत त्याचा टॉवेल, कागद, गोळ्या. अंकुश खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. तोंड सुजलेलं, डोळे बारीक.

"बंद कर तिला," तो म्हणाला. "डिझेल जळतंय."

"चला की. वाट चांगली हाय आज. नाल्याला पाणी बी नाय लई."

"वाट चांगलीच हाय. म्हणून तर म्हणतो." तो धापा टाकत, थांबत थांबत बोलत होता. "चिखलानं अडवलं असं कुणी म्हणाया नको."

मी जवळ बसलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. विनवण्या केल्या, रागावलो, आईची शपथ घातली. शेवटी म्हणालो, "ठीक आहे, मशीनवर जाऊ नको. पण माझ्याकडं चल. खोली तयार आहे."

"तुझ्याकडं यायचं ठरलं व्हतं जीप निघाली नाय तर." त्यानं दाराकडं हात केला. "निघाली का नाय? सांग."

सुमन दारात उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग बाहेर गेली. इंजिन बंद झालं. त्यानंतर इतकी शांतता झाली की कपाशीवरून टपकणारं पाणी ऐकू येत होतं.

लोक मला म्हणतात, त्याला सुटायचं होतं, तो सुटला. ही बोलायची रीत आहे, मी वाद घालत नाही. पण मी तिथं होतो. मरणाची ओढ असलेला माणूस मला तिथं दिसला नाही. भीती वाटत होती त्याला. माझा हात धरून बसायचा, आणि हात धरायला मी कमी पडलो तर सुमनचा. एवढ्या भीतीतही तो त्या रस्त्यावर परत जायला तयार नव्हता. आम्ही महिनाभर त्याच्या वाटेतला चिखल दूर करत होतो, दात मोजत होतो, खूण मध्यावर आणत होतो. अडवणारं जे होतं ते त्या वाटेवर नव्हतंच. ते हटवायला कुठल्याही भंगारात काही मिळालं नसतं. वाट मोकळी झाल्यावर तेवढं उघड्यावर आलं.

तो आणखी थोडे दिवस होता. घटस्थापनेच्या आधी गेला, आणि त्या दिवशी पावसाला जणू दुसरं कामच नव्हतं.

आमच्याकडं आपल्याच शेतात अग्नी देतात. जागा नाल्याच्या पलीकडं, आमच्या वडिलांना दिला तिथंच. माणसांनी खांदा दिला आणि चार पावलांत चौघांचे पाय पोटरीपर्यंत गेले. तिरडी एका अंगाला कलली. पुन्हा खाली टेकवली. ट्रॅक्टरची ट्रॉली लावू म्हणाले, ट्रॅक्टर वाटेतच आडवा झाला होता. मग जीपचं नाव निघालं. मागची सीट काढून त्याला आत ठेवलं, वर ताडपत्री धरली. पण ती चालवणार कोण? त्या गाडीला नाल्यातून कसं न्यायचं, कुठली दांडी केव्हा ओढायची, हे एकाच माणसाला येत होतं.

ती ओसरीत बायकांमध्ये बसली होती. उठून आली. कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस तिकडं येत नसतं.

"मग चालवा तुमी," सुमन म्हणाली.

कुणी पुढं झालं नाही. ती चढून बसली. तिनं पदर कमरेला खोचला, पुढच्या चाकांचा जोर जोडला आणि गाडी सोडली. आम्ही मागून निघालो. मी ताडपत्रीची एक कड धरून होतो. जीप नाल्यात उतरली, पाण्यातून गेली, चढाला लागली. कुठंही अडखळली नाही. मागं सुमनचे मामा होते, म्हातारे, दम्याचे. चिखलातून एकेक पाय उपसत येत होते आणि मागं पडत होते. चढाच्या मध्यावर त्यांनी हाक मारली, "सुमे, जरा हळू घे गं, पोरी. माणसं मागं राहिली."

तिनं मान वळवली नाही. पावसातून तिचा आवाज आला, रोजच्या बोलण्यासारखा.

"मामा, ह्याच्यापेक्षा हळू नाय चालत ही."